ब्रिटनमधलं फिक्स्ड रेट मॉर्गेज: दोन डील एकाच मापाने कशी मोजायची

ब्रिटनमध्ये घर घ्यायचं ठरलं की मॉर्गेजच्या, म्हणजे गृहकर्जाच्या, दरांच्या लांबलचक याद्या समोर येतात. प्रत्येक डीलपुढे एक ठळक टक्केवारी आणि बाकी सगळं तिच्याखाली बारीक अक्षरांत. साहजिकच माणूस यादीतली सगळ्यात लहान टक्केवारी शोधतो. पण दर हा खर्चाचा फक्त एक भाग आहे. फी, फिक्स (म्हणजे दर बांधून दिलेला काळ) संपायची तारीख, लवकर सुटण्याचा दंड आणि वर मिळणाऱ्या सवलती धरून हिशेब केला की यादीतला क्रम बऱ्याचदा उलटापालटा होतो. इथली नियामक संस्था फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी, म्हणजे एफसीए, हिने मॉर्गेज बाजाराचा अभ्यास करून २०१९ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात दिसलं की साधारण ३० टक्के ग्राहकांना त्यांनी घेतलेल्या मॉर्गेजपेक्षा स्वस्त मॉर्गेज मिळू शकलं असतं, आणि सुरुवातीच्या डीलच्या काळात ते सरासरी वर्षाला ५५० पौंड जास्त भरत होते.

यातलं गणित शाळेतलंच आहे. ते कुठल्या क्रमाने करायचं, हे मात्र नव्या माणसाला सहसा कुणी बसून सांगत नाही.

आधी थोडी ओळख

भारतातून आलेल्यांचा पहिला गोंधळ होतो तो दोन मुदतींचा. कर्जाची एकूण मुदत २५, ३० किंवा ३५ वर्षं असते. दर मात्र तेवढा काळ बांधलेला नसतो. फिक्स सहसा २ किंवा ५ वर्षांचा. ३ आणि १० वर्षांचेही मिळतात. तो काळ संपला की कर्ज आपोआप लेंडरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा संस्थेच्या, स्टँडर्ड व्हेरिएबल रेटवर, म्हणजे एसव्हीआरवर जातं. हा दर लेंडर स्वतः ठरवतो आणि तो बहुतेक वेळा फिक्सपेक्षा बराच चढा असतो. म्हणून फिक्स संपत आला की इथे लोक नवं डील घेतात. त्याच लेंडरकडे घेतलं तर ते प्रॉडक्ट ट्रान्सफर, दुसऱ्याकडे गेलं तर रिमॉर्गेज.

दुसरा गोंधळ कर्ज लवकर फेडण्याचा. भारतात बँकेच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने तो २०१२ मध्येच बंद केला. त्यामुळे बोनस आला की कर्जात भर, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. इथल्या फिक्स्ड डीलवर मात्र अर्ली रिपेमेंट चार्ज, म्हणजे ईआरसी, लागू असतो आणि तो छोटा नसतो. त्याच्याकडे पुढे सविस्तर बघू.

पायरी १: डील बघण्याआधी स्वतःचे आकडे पक्के करा

घराची किंमत, डिपॉझिट, कर्जाची मुदत आणि या घरात किंवा या देशात किती काळ राहण्याची शक्यता आहे, हे चार आकडे कागदावर हवेत. ते न ठरवता दर बघत बसलं की दर वेळी वेगळ्याच कर्जाचा हप्ता समोर येतो आणि तुलना होतच नाही.

डिपॉझिटवरून एलटीव्ही ठरतो, म्हणजे घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज आहे ते. लेंडर दर ठरवतात ते एलटीव्हीच्या टप्प्यांवर: ९५, ९०, ८५, ८०, ७५, ६०. घर २,५०,००० पौंडांचं आणि डिपॉझिट २४,००० असेल तर कर्ज होतं २,२६,०००, म्हणजे ९०.४ टक्के. ते ९० च्या टप्प्यात बसत नाही, ९५ च्या टप्प्यातला महाग दर लागतो. आणखी १,००० पौंड घातले की तुम्ही बरोबर ९० वर येता. टप्प्याच्या इतकं जवळ असाल तर डील शोधण्यात आठवडे घालवण्याआधी हे हजार पौंड कुठून जमतात ते बघा. त्या पैशाइतकं काम दुसरं काहीच करणार नाही. मात्र लेंडरच्या व्हॅल्युएशनमध्ये घराची किंमत कमी धरली गेली तर टप्पा पुन्हा बदलू शकतो, म्हणून थोडी जागा ठेवलेली बरी.

मुदतही आधीच ठरवा. २ लाख पौंडांच्या कर्जावर ४.५ टक्क्यांनी २५ वर्षांचा हप्ता साधारण १,११२ पौंड येतो आणि ३५ वर्षांचा ९४७. एका वेबसाइटवर २५ आणि दुसरीवर ३५ वर्षं भरलेली असतील तर दुसरीकडचं डील भलतंच स्वस्त भासेल. दर शेवटपर्यंत तोच राहिला असं धरलं तर ३५ वर्षांच्या कर्जावर एकूण व्याज जवळपास ६४,००० पौंडांनी जास्त जातं. हप्ता परवडत नसेल तर लांब मुदत घ्यावी लागते, त्यात गैर काही नाही. पण तो तुमचा निर्णय असू द्या, वेबसाइटने आधीच भरून ठेवलेल्या चौकटीचा नको.

व्हिसावर असाल तर अजून एक गाळणी लागते. काही लेंडर व्हिसाची ठरावीक मुदत शिल्लक असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, काही जास्त डिपॉझिट मागतात, काहींना इथे राहून किती काळ झाला ते हवं असतं. भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा मोजला जात नाही. इथलं रेकॉर्ड एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या संस्थांकडे असतं. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं. नाव यादीत असलं की लेंडरला तुमचा पत्ता पडताळणं सोपं जातं. घराचा विचार डोक्यात आला त्याच दिवशी हे काम उरकून टाका.

पायरी २: सगळी डील एकाच काळावर आणा

तुलनेचा काळ म्हणजे फिक्सचा काळ. दोन वर्षांची डील दोन वर्षांच्या डीलशीच आधी ताडून बघा, पाच वर्षांची पाचशी. दोनची पाचशी तुलना वेगळ्या पद्धतीने करावी लागते, ती नंतर येईल.

पायरी ३: खरा खर्च मांडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून आकडे घेऊनच बघू. कर्ज २ लाख पौंड, मुदत २५ वर्षं, फिक्स दोन वर्षांचा. पहिलं डील ४.२० टक्के, प्रॉडक्ट फी (ते डील घेण्यासाठी लेंडरला द्यायचं शुल्क) १,४९९ पौंड. दुसरं डील ४.५० टक्के, फी शून्य.

पहिल्याचा हप्ता साधारण १,०७८ पौंड, दुसऱ्याचा १,११२. दर महिन्याला ३४ पौंड वाचतात म्हणून पहिलं घ्यावंसं वाटतं. दोन वर्षांत ही बचत होते सुमारे ८११ पौंड. त्यासाठी फी मोजली १,४९९. म्हणजे पहिलं डील ६८८ पौंडांनी महाग? बरेच जण आणि काही वेबसाइट्ससुद्धा इथेच थांबतात. पण अजून एक गोष्ट मोजायची राहिली आहे. दर कमी असला की हप्त्यातला मोठा हिस्सा मुद्दलाकडे जातो. दोन वर्षांनी पहिल्या डीलमध्ये कर्ज शिल्लक राहतं साधारण १,९०,५५६ पौंड, दुसऱ्यात १,९०,९३५. हे ३७९ पौंडही पहिल्या डीलच्या बाजूने जमा करायला हवेत. ८११ आणि ३७९ मिळून बचत ११९०, फी १,४९९. दुसरं डील ३०९ पौंडांनी स्वस्त आहे. निकाल तोच लागला, पण फरक निम्म्याहून कमी झाला. फी थोडी लहान असती तर निकालही फिरला असता.

दर वेळी इतका तपशील काढायची गरज नाही. दरातला फरक गुणिले कर्ज गुणिले वर्षं, एवढं केलं की व्याजाची बचत जवळजवळ बरोबर मिळते. इथे ०.३ टक्के गुणिले २ लाख गुणिले २ म्हणजे १,२०० पौंड. नेमकं उत्तर ११९० होतं. मोबाइलवर दहा सेकंदांत होणारं हे गणित आहे, घर बघायला जाताना ट्रेनमध्ये उभ्या उभ्या करता येतं.

हेच उलट फिरवा. फीला दरातला फरक आणि वर्षं यांच्या गुणाकाराने भागा: १,४९९ भागिले ०.००६, म्हणजे साधारण अडीच लाख. कर्ज अडीच लाखांहून मोठं असेल तर फीवालं डील फायद्याचं, लहान असेल तर बिनफीचं. म्हणूनच मित्राने अमुक डील घेतलं आणि ते झकास आहे, या माहितीचा तुम्हाला फारसा उपयोग नसतो. त्याचं कर्ज चार लाखांचं असेल आणि तुमचं दीड लाखाचं, तर त्याला स्वस्त पडलेलं तेच डील तुम्हाला महागात पडेल.

फी कर्जात घालायची की आधी भरायची, हा पुढचा प्रश्न. लेंडर आनंदाने ती कर्जात घालून देतात, कारण मग तिच्यावरही व्याज चालू होतं. १,४९९ पौंड २५ वर्षांच्या कर्जात मिसळले आणि दर ४.२० च राहिला असं धरलं, तर त्यांचे एकूण २,४०० हून जास्त पौंड फेडावे लागतात. तरीही काही वेळा फी कर्जात घालणं योग्य ठरतं. घराचा व्यवहार अर्ध्यात फिसकटला तर आधी भरलेली फी परत मिळेलच असं नाही. हातात पैसे असतील तर फी कर्जात घालून, घर ताब्यात आल्यावर तेवढी रक्कम ओव्हरपेमेंट म्हणून भरता येते का, हे लेंडरला किंवा ब्रोकरला विचारून घ्या. माझ्या मते नवख्या माणसासाठी तीच सगळ्यात सुरक्षित वाट आहे.

फी एकाच नावाने येत नाही, हेही लक्षात असू द्या. अरेंजमेंट फी आणि प्रॉडक्ट फी म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच. बुकिंग फी वेगळी असू शकते आणि ती अर्जाच्या वेळीच जाते. शिवाय व्हॅल्युएशन फी, पैसे पाठवायची चॅप्स फी, ब्रोकरची फी, आणि कर्ज संपताना लागणारी एक्झिट फी. सगळ्या एका खाली एक लिहा.

पायरी ४: एपीआरसीला किती मान द्यायचा

प्रत्येक डीलपुढे एपीआरसी नावाची दुसरी टक्केवारी असते. २०१६ मध्ये युरोपीय नियमांबरोबर ती ब्रिटनमध्ये आली. फीसकट वार्षिक खर्च एका आकड्यात सांगणं हा तिचा हेतू. ऐकायला छान वाटतं, पण ती काय धरून चालते ते बघा: तुम्ही दोन वर्षं फिक्सवर राहाल आणि उरलेली २३ वर्षं एसव्हीआरवर, मध्ये एकदाही डील न बदलता. असं कुणी मुद्दाम करत नाही. त्यामुळे त्या आकड्यावर मुख्यतः लेंडरच्या आजच्या एसव्हीआरची छाया असते, तुमच्या दोन वर्षांची नाही.

यातून एक फसवा परिणाम होतो. त्याच लेंडरचं पाच वर्षांचं डील एपीआरसीमध्ये दोन वर्षांच्या डीलपेक्षा बहुधा स्वस्त दिसतं, कारण त्यात एसव्हीआरची वर्षं २३ ऐवजी २० धरली जातात. एपीआरसीचा उपयोग एवढाच: फिक्स संपल्यावर नवं डील घ्यायला विसरलात तर काय वाट लागेल, त्याचा अंदाज. डील निवडण्यासाठी तो आकडा बाजूला ठेवा.

पायरी ५: वर्षं मोजू नका, तारीख बघा

एका ओळखीच्या जोडप्याचे दोन प्रस्ताव मी शेजारी शेजारी ठेवून वाचले होते. दोन्हींवर दोन वर्षांचा फिक्स असंच लिहिलेलं. एकात फिक्स सुरू होणार होता कर्ज दिल्याच्या दिवसापासून, पुढे २४ महिने. दुसऱ्यात मात्र सरळ एक तारीख छापलेली, ३१ ऑक्टोबर. घराचा व्यवहार लांबत चालला होता आणि ती तारीख जागची हलणार नव्हती. व्यवहार तीन महिने पुढे गेला तर दुसऱ्या डीलचा काळ तेवढाच आखडणार, फी मात्र पूर्ण. पहिल्या डीलमध्ये असं काही होणार नव्हतं.

उलटंही घडतं: नुकतंच बाजारात आलेलं डील लवकर चालू झालं तर २४ च्या जागी २६-२७ महिने मिळतात. म्हणून फी नेहमी खरोखर मिळणाऱ्या महिन्यांवर वाटून बघा. १,४९९ भागिले २४ म्हणजे महिन्याला ६२ पौंड. भागिले २१ म्हणजे ७१.

पायरी ६: बाहेर पडायची किंमत

ईआरसी सहसा शिल्लक कर्जाच्या टक्केवारीत असतो आणि वर्षागणिक उतरत जातो. पाच वर्षांच्या फिक्सवर पहिल्या वर्षी ५ टक्के, मग ४, ३, २, १ अशी उतरण सर्रास दिसते, पण सगळीकडे ती तशीच नसते. पहिल्याच वर्षी २ लाखांच्या कर्जातून बाहेर पडायची वेळ आली तर दंड १०,००० पौंड. तिसऱ्या पायरीत आपण ३०९ पौंडांसाठी घासाघीस केली. नोकरी बदलली, परत भारतात जायचं ठरलं, घरात माणसं वाढली आणि घर विकावं लागलं, तर ती सगळी बचत या एका रकमेपुढे किस झाड की पत्ती.

म्हणून डीलच्या किमतीत या शक्यतेलाही जागा द्या. पुढच्या पाच वर्षांत हे घर सोडण्याची शक्यता खरोखर किती आहे, हे घरातल्या सगळ्यांशी बोलून ठरवा. ज्यांची नोकरी कंपनीच्या बदलीवर किंवा व्हिसाच्या नूतनीकरणावर टांगलेली आहे, त्यांनी पाच वर्षांचा फिक्स फार विचार करून घ्यावा. मुलं शाळेत रुळली आहेत, कायमचं वास्तव्य मिळालं आहे, हलायचा विचार नाही, अशांची गोष्ट वेगळी.

घर बदललं तरी मॉर्गेज सोबत नेता येतं, त्याला पोर्टिंग म्हणतात. बऱ्याच डीलवर पोर्टेबल असं लिहिलेलं असतं. त्यावर फार विसंबू नका. पोर्ट करताना नव्या घरासाठी नव्याने अर्ज होतो, उत्पन्न आणि क्रेडिट पुन्हा तपासलं जातं, आणि नवं घर लेंडरच्या नियमांत बसावं लागतं. जास्त कर्ज लागलं तर वरच्या रकमेसाठी त्या वेळचा दर लागतो आणि मग एकाच घरावर दोन वेगळ्या तारखांना संपणारे दोन फिक्स होऊन बसतात.

ओव्हरपेमेंटची सवलत इथेच बघून घ्या. बहुतेक फिक्स्ड डीलमध्ये दर वर्षी शिल्लक कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम दंडाशिवाय भरता येते. पण वर्ष कुठलं? काहींकडे जानेवारी ते डिसेंबर, काहींकडे मॉर्गेज सुरू झाल्याच्या तारखेपासून. आणि १० टक्के कशाचे, मूळ कर्जाचे की वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीचे? ज्यांना वर्षातून एकदा मोठा बोनस मिळतो, त्यांच्यासाठी दर ०.०५ ने कमी असण्यापेक्षा या ओळी जास्त मोलाच्या आहेत.

पायरी ७: दोन वर्षं की पाच?

याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नाही, कारण दोन वर्षांनी दर काय असतील हे कुणालाच माहीत नसतं. पण प्रश्न नीट मांडता येतो. समजा दोन वर्षांचा दर ४.२० आणि पाच वर्षांचा ४.४०. पाच वर्षांत दोन्हींचा खर्च सारखा व्हायचा असेल तर दोन वर्षांनंतरच्या तीन वर्षांसाठी कुठला दर मिळायला हवा? पाच गुणिले ४.४० म्हणजे २२. त्यातून दोन गुणिले ४.२०, म्हणजे ८.४ वजा करा. उरले १३.६, भागिले ३, म्हणजे साधारण ४.५३. दोन वर्षांनी दर याहून कमी मिळाला तर दोनचं डील जिंकलं, जास्त असला तर पाचचं.

आता फी धरा. पाच वर्षांच्या वाटेवर फी एकदाच, दोनच्या वाटेवर किमान दोनदा. समजा फी ९९९ पौंड आहे. २ लाखांच्या आसपासच्या कर्जावर ही एक जादा फी तीन वर्षांवर पसरली की ती वर्षाला ०.१७५ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे दोनचं डील जिंकायला नंतरचा दर ४.५३ च्या नव्हे, साधारण ४.३५ च्या खाली यावा लागेल. एवढा आकडा समोर आला की चर्चा मोकळी होते: दर इतके उतरतील यावर तुम्ही किती पैसे लावायला तयार आहात?

बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर पोचला होता. २०२१ मध्ये दोन वर्षांचा फिक्स घेतलेल्यांचं डील नेमकं त्या चढावर संपलं. २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी बांधून घेतलेल्यांनी मात्र नंतर दर उतरताना पाहिले. हप्ता एकदम वाढला तर घरखर्च कोलमडेल अशी स्थिती असेल, तर पाच वर्षांसाठी थोडं जास्त मोजणं हा शहाणपणाचा खर्च आहे, मग हिशेबात तो जिंको वा हरो.

पायरी ८: फुकट मिळणाऱ्या गोष्टी

कॅशबॅक म्हणजे सरळ पैसे; फीतून वजा करा आणि पुढे चला. रिमॉर्गेजमध्ये मिळणारं फुकट कायदेशीर काम खरंच खर्च वाचवतं, पण ते लेंडरने नेमलेल्या फर्मकडून होतं आणि कधी कधी रेंगाळतं. फिक्स संपायला थोडेच दिवस असतील तर एक महिना एसव्हीआरवर गेला की ती बचत आटते.

फुकट व्हॅल्युएशनबद्दल मात्र कळकळीने सांगतो: ते घराचं सर्व्हे नाही. लेंडर फक्त एवढंच बघतो की आपलं कर्ज बुडणार नाही इतकी घराची किंमत आहे का. भिंतीतली ओल, छपराची अवस्था, पायाला गेलेले तडे हे सगळं तुमच्या स्वतःच्या सर्व्हेअरनेच बघायला हवं.

पायरी ९: याद्या कुठल्या, त्यात काय नसतं

तुलना करून देणाऱ्या वेबसाइट्सवर क्रम कशावर लावला आहे ते आधी बघा. सुरुवातीच्या दरावर किंवा हप्त्यावर लावलेला असेल तर तो बदलून फिक्सच्या काळातल्या एकूण खर्चावर लावा. शिल्लक कर्जातला फरक त्यात धरला आहे का हे वरच्या सोप्या गुणाकाराने पडताळा. काही डील फक्त ब्रोकरमार्फत मिळतात, काही फक्त थेट लेंडरकडे, त्यामुळे एकच यादी कधी पुरी नसते. सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या मनीहेल्परकडे मोफत कॅल्क्युलेटर आहेत, ते वापरा.

नव्या माणसाने, विशेषतः व्हिसावरच्या, एकदा तरी चांगल्या ब्रोकरशी बोलावंच. यादीतलं सगळ्यात स्वस्त डील तुम्हाला मिळणारच नसेल तर तुलनेला अर्थ उरत नाही, आणि कोणता लेंडर कुठला व्हिसा घेतो हे ब्रोकरला तोंडपाठ असतं. त्याला तीन गोष्टी विचारा: तुम्ही संपूर्ण बाजार बघता की ठरावीक लेंडर? तुमची फी किती आणि ती कधी द्यायची? लेंडरकडून कमिशन किती मिळतं? त्याचं नाव एफसीएच्या रजिस्टरवर आहे का, हे स्वतः तपासा. नंतर थेट लेंडरकडून मिळणारी एक-दोन डील त्याच्या प्रस्तावाशेजारी ठेवून बघा. चांगला ब्रोकर याने नाराज होत नाही.

तत्त्वतः मंजुरी, म्हणजे डिसिजन इन प्रिन्सिपल घेताना, क्रेडिट तपासणी सॉफ्ट आहे (इतर लेंडरना न दिसणारी) की हार्ड (त्यांना दिसणारी) ते आधी विचारा. थोड्या दिवसांत बऱ्याच हार्ड तपासण्या झाल्या की क्रेडिट रेकॉर्डवर त्यांचे ठसे उमटतात.

याद्या फार लवकर शिळ्या होतात, हेही ध्यानात ठेवा. फिक्सचे दर बँक ऑफ इंग्लंडच्या आजच्या दरापेक्षा पैशाच्या बाजारातल्या स्वॅप रेटवर जास्त हलतात, म्हणजे पुढे दर कुठे जातील या अपेक्षेवर. २३ सप्टेंबर २०२२ च्या मिनी बजेटनंतर काही दिवसांतच लेंडरनी शेकडो डील मागे घेतली. एरवीही एखादं डील सकाळी दिसतं आणि संध्याकाळी नसतं. म्हणून डीलच्या नावाबरोबर तुम्ही ते कुठल्या तारखेला पाहिलं हेही लिहून ठेवा.

पायरी १०: कागद हातात आल्यावर

प्रत्येक डीलसाठी लेंडर किंवा ब्रोकरकडून इलस्ट्रेशन, म्हणजे डीलचा खर्च आणि अटी मांडलेला कागद, मागा. ईएसआयएस (ESIS) या नावानेही ते ओळखलं जातं. त्याचा साचा सगळीकडे सारखा असतो आणि तुलनेसाठी तो वरदान आहे. दोन कागद शेजारी ठेवा आणि एकेक भाग समोरासमोर वाचा: व्याज आणि इतर खर्च, हप्त्याची रक्कम, लवकर फेड, लवचिक सुविधा. फी कर्जात घातली आहे की वेगळी, हे कर्जाच्या रकमेवरूनच कळतं. तुम्ही २,००,००० मागितले आणि कागदावर २,०१,४९९ असेल तर उत्तर मिळालं. दोन्ही कागदांवर कर्जाची मुदत आणि घराची किंमत सारखी आहे ना, तेही बघा.

मॉर्गेज ऑफर मिळाल्यावर विचार करायला किमान सात दिवस मिळतात. त्या दिवसांत ऑफर इलस्ट्रेशनशी ताडून बघा. दर, फिक्स संपायची तारीख, ईआरसीची उतरण आणि फी या चारांत अक्षराचाही फरक नको. वाद झालाच तर आधी लेंडरकडे लेखी तक्रार, तिथे समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे; ग्राहकासाठी ती मोफत आहे.

सही केल्यावर फिक्स संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला आणि तिच्या सहा महिने आधीची दुसरी आठवण लावा. बहुतेक लेंडर चार ते सहा महिने आधी पुढचं डील राखून ठेवू देतात. राखून ठेवल्यावर दर उतरले तर नवं डील सुरू होण्याआधी ते बदलून मागता येतं. लेंडर स्वतःहून फोन करून हे सांगेल याची वाट बघू नका, दर पंधरा दिवसांनी त्यांची चालू यादी उघडून आपला राखलेला दर तिच्याशी ताडून बघा. दुसऱ्या लेंडरकडे जाणार असाल तर सॉलिसिटरला फिक्स संपल्यानंतरच्या पहिल्याच दिवशी व्यवहार पूर्ण करायला सांगा: एक दिवस आधी झाला तर ईआरसी बसतो, आणि उशीर झाला तर तितके दिवस एसव्हीआरचं व्याज.